नऊ किलो तीनशे ग्रॅमचा बोका

माझ्या आत्याला लहानपणापासून किळस फार. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी ती कधी प्यायली नाही. शेजारी कुणी मचमच आवाज करत जेवायला लागलं की तिचा घास तोंडातच फिरायचा. न्हाणीघराच्या जाळीत अडकलेला केसांचा पुंजका बघून तिच्या अंगावर शहारा यायचा, आणि तरी तो उचलून टाकायचीही तीच, कारण घरात बाकी कुणाला तो दिसतच नसे. अशा बाईनं पोटापाण्याला काय धरावं? तर एका मोठ्या लाँड्रीत कपड्यांवरचे डाग काढायचं काम. एकतीस वर्षं झाली, अजून तेच करते आहे.

लाँड्रीच्या मागच्या खोलीत तिचं टेबल आहे, पत्रा मारलेलं, एका कडेला उतरतं. वर स्पिरिट, व्हिनेगर, अमोनियाच्या बाटल्या, चार आकारांचे ब्रश आणि छतातून लोंबणारी वाफेची नळी. डाग पडलेला कपडा समोर आला की ती आधी तो नाकाशी धरते. रक्त, दूध, घाम, ओकारी, फुलदाणीतलं सडकं पाणी, सगळं तिला वासावरून कळतं. गिऱ्हाईक काउंटरवर "कॉफी सांडली" असं सांगून गेलेलं असतं आणि आत्या आतून ओरडते, "कॉफी कसली, पोराची शी आहे! खरं सांगायला काय होतं?" लाँड्रीत तिला सगळे नाकताई म्हणतात. नव्या मुलींना वाटतं, हिला किळस येत नसणार म्हणून हे काम जमतं. त्यांना ती सांगते, "येते की. रोज येते. किळसच आली नाही तर डाग कुठवर पसरलाय ते कळणार कसं?"

आत्यानं लग्न केलं नाही. लाँड्रीच्या माडीवरच्या एका खोलीत ती एकटी राहायची. चादर कापून ठेवल्यासारखी सरळ, नळ पुसलेला, खिडकीच्या खाचेत बोट फिरवलं तरी धूळ नाही. चौपन्नाव्या वर्षी मालकानं ती खोली माल ठेवायला परत मागितली. दुसरी जागा मिळेपर्यंत म्हणून आत्या दोन सुटकेसेस आणि आपली इस्त्री घेऊन थोरल्या भावाकडे, म्हणजे माझ्या बाबांकडे राहायला आली.

बाबा एका कारखान्याच्या फाटकावर ट्रक तोलायचे. भरलेला ट्रक काट्यावर चढायचा, बाबा आकडा लिहायचे. रिकामा होऊन परत चढायचा, बाबा पुन्हा आकडा लिहायचे. निवृत्त झाले त्याच वर्षी आई गेली. मी लग्न होऊन दुसऱ्या गावी. बाबांनी मागच्या दारी एक थाळी ठेवायला सुरुवात केली आणि पाच वर्षांत घरात चार मांजरं झाली. दात पडलेली एक म्हातारी, दोन हडकुळ्या बहिणी, आणि ढब्बू.

ढब्बू हा पांढरा-पिवळा बोका. मी त्याला दर भेटीत बघत होते, आणि दर भेटीत तो आधीपेक्षा मोठा दिसत होता. मी हसायचे, फोटो काढायचे, माझ्या मुलांना दाखवायचे. सगळे म्हणायचे, काय गोड! आई गेल्यापासून त्या घरात न आलेल्या आत्यानं मात्र पहिल्या दिवशी जिन्यावरच नाक धरलं.

तिनं मला त्या संध्याकाळी फोन केला तेव्हा तिचा आवाज बसला होता. "पोरी, तुझ्या बाबाच्या घरात काय आहे ठाऊक आहे का तुला? स्वयंपाकघरात मधोमध एक मोठा पसरट थाळा. त्यात चौघांचं खाणं एकत्र. खाली कालचं, त्याच्याखाली परवाचं, वर आजचं. कडेनं मुंग्यांची रांग. आणि तो बैल त्या थाळ्यापुढे आडवा पडून खातो. उभा राहून नाही गं, आडवा पडून! हनुवटी थाळ्यात टेकवलेली. बाकीच्या तिघी लांब बसून बघतात."

"आत्या, तो आळशी आहे जरा," मी म्हटलं.

"आळशी? त्याला स्वतःची मान वळवून पाठ चाटता येत नाही. तू त्याच्या मागं बघितलंयस कधी?"

मी बघितलं नव्हतं. कुणीच बघितलं नव्हतं.

मांजर स्वतःला चाटून साफ ठेवतं. ढब्बूच्या पोटाचा गोळा इतका झाला होता की त्याची जीभ मागपर्यंत पोचत नव्हती. त्यामुळे शेपटीखालचे केस चिकटून त्यांच्या गाठी झाल्या होत्या, कडक, तपकिरी. तो जिथे बसायचा तिथे ठसा उमटायचा. सोफ्यावर, पायपुसण्यावर, बाबांच्या उशीवर. त्याच्या वाळूच्या डब्यात तो मावत नसे. पुढचे पाय आत, मागचा भाग बाहेर, आणि धार सरळ फरशीवर. बाबा त्यावर वर्तमानपत्र टाकून ठेवायचे. वर्तमानपत्र भिजलं की त्यावर दुसरं.

आत्यानं पहिले चार दिवस फक्त धुतलं. पडदे, अभ्रे, चादरी, सोफ्याची खोळ. एकेक डाग ती हुंगायची, ओकारी दाबायची आणि घासायची. बाबा दारात उभे राहून म्हणायचे, "चिमे, कशाला एवढा त्रास घेतेस? जनावर आहे, व्हायचंच." चिमी हे तिचं घरातलं नाव.

"जनावर नाही रे दादा, घाण तू केलीयस," ती म्हणायची. "ते बिचारं फक्त बसतंय त्यात."

पाचव्या-सहाव्या दिवशी कामावरून आल्यावर तिला घरात एक वेगळा वास आला. लघवीचा नाही, शीचा नाही. गोडसर, जड. तिनं मला नंतर सांगितलं, हा वास तिला फक्त एकदा आला होता, एका म्हाताऱ्या माणसाच्या पायाला गुंडाळलेलं फडकं चुकून लाँड्रीच्या गाठोड्यात आलं होतं तेव्हा. वासाचा माग काढत ती ढब्बूपर्यंत गेली. तो बाबांच्या खुर्चीखाली डोळे मिटून पडला होता. तिनं हातमोजे चढवले, एका हातानं शेपूट उचलली, दुसऱ्या हातानं ती केसांची पापुद्र्यासारखी झालेली गाठ बाजूला केली.

खाली चामडी ओली होती आणि हलत होती. भाताच्या शितांएवढ्या अळ्या, एकमेकींवर चढून वळवळणाऱ्या, शंभर तरी.

आत्या न्हाणीघरापर्यंत पोचली नाही. वाटेतच ओकली. मग तोंड धुतलं, आपलाच स्वच्छ टॉवेल काढला, त्यात ढब्बूला गुंडाळलं आणि बाबांना म्हणाली, "चप्पल घाल."

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला तुटक. त्यांनी बाबांना सांगितलं, शेपूट धरून ठेवा. बाबांनी एकदा बघितलं आणि "मला चक्कर येते," म्हणून बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. शेपूट आत्यानं धरली. पाऊण तास. डॉक्टरीणबाईंनी मशीननं केस काढले, औषधाचं पाणी मारलं आणि चिमट्यानं एकेक अळी वेचून स्टीलच्या वाटीत टाकली. वाटीत त्या टपटप वाजत होत्या. आत्याला मधे एकदा सिंकवर जावं लागलं. चूळ भरून ती परत आली आणि शेपूट पुन्हा धरली.

"तुमचा जीव दिसतो त्याच्यावर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"अजिबात नाही," आत्या म्हणाली. "मला याच्याकडे बघवतसुद्धा नाही."

डॉक्टरीणबाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "मग बरं झालं. जीव असलेल्यांना हे जमत नाही. याला वेगळा काही आजार नाही. याला वजन आहे. नऊ किलो तीनशे. असायला हवं साडेपाच. हे असंच ठेवलंत तर महिन्याभरात पुन्हा अळ्या, नाहीतर साखर, नाहीतर सांधे."

"उद्यापासून उपाशी ठेवते."

"मुळीच नाही! लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याचं लिव्हर बसतं आणि ते मरतं. खाणं मोजून द्यायचं. आठवड्याला पन्नास-साठ ग्रॅम उतरलं तरी पुष्कळ. दीड वर्ष लागेल. आणि घरात अजून तीन आहेत म्हणता, म्हणजे खरी पंचाईत ती आहे. चौघांना चार जागी जेवू घाला. वीस मिनिटांनी थाळ्या उचला. थाळीत उरलंय का, कुणी कुणाचं खाल्लंय का, बघत बसायचं."

आत्यानं ते एका पावतीच्या मागं लिहून घेतलं. बाबा बाहेर बाकावर डोळे पुसत होते. डॉक्टरीणबाईंच्या मदतनीस बाई त्यांना पाणी देऊन म्हणत होत्या, "किती हळवे आहात हो काका." आत्याला ते ऐकूनच कसंतरी झालं.

दुसऱ्या दिवशी तिनं तो पसरट थाळा घासला, उन्हात वाळवला आणि भंगारवाल्याला देऊन टाकला. खाणं मोजायला एक छोटा काटा आणला. ढब्बूची थाळी न्हाणीघरात, दार लावून. म्हातारीची टेबलावर, चढायला खाली स्टूल ठेवून. बहिणींसाठी तिनं एक मोठं खोकं घेतलं आणि त्याला त्यांच्या खांद्यांच्या मापाचं भोक कापलं. त्या आत शिरून खाणार, ढब्बू शिरू शकणार नाही.

ढब्बूनं पहिल्याच दिवशी डोकं घातलं. डोकं आत गेलं, बाकी काही गेलं नाही, आणि डोकंही परत येईना. मग तो खोक्यासकट घरभर हिंडला, भिंतींना धडकत, आतून घोगरं ओरडत, आणि खोक्यातल्या बहिणी किंचाळत. शेवटी आत्यानं कात्रीनं पुठ्ठा कापून त्याला सोडवलं. त्यानं सुटकेच्या आनंदात तिच्या हातावर ओलं नाक घासलं आणि तिनं कोपरापर्यंत साबण लावला.

दोन महिने हे चाललं. दर रविवारी आत्या ढब्बूला पिशवीत घालून दवाखान्याच्या काट्यावर न्यायची. काटा नऊ किलो दोनशे दाखवायचा. पुढच्या रविवारी नऊ दोनशे. त्याच्या पुढच्या रविवारी नऊ दोनशे वीस.

"मी ग्रॅमन् ग्रॅम मोजते," ती मला फोनवर म्हणाली. "हा मेला हवेवर फुगतोय का?"

मग एका सकाळी तिला अर्धं उत्तर मिळालं. म्हातारीला दात नव्हते. ती मांजरांच्या विकतच्या खाण्याचे कोरडे दाणे न चावता गिळायची आणि अर्ध्या तासानं कोपऱ्यात जाऊन सगळं बाहेर काढायची, गरम, ओलं, जवळजवळ जसंच्या तसं. आत्याला वाटायचं, म्हातारी हल्ली ओकत नाही, बरं आहे. म्हातारी रोज ओकत होती. न्हाणीघरातून सुटलेला ढब्बू तिच्या मागंमागं फिरत होता, आणि ती खोकल्यासारखा आवाज करायला लागली की तोंडाशी जाऊन बसत होता. पडायच्या आत खायचा. नंतर फरशीही चाटून काढायचा.

हे सांगताना आत्या फोनवर दोनदा थांबली. मी जेवत होते. मी ताट सरकवून ठेवलं.

म्हातारीचं खाणं तिनं भिजवून, थोडं थोडं करून, चार वेळा द्यायला सुरुवात केली. ओकणं बंद झालं. त्या महिन्यात ढब्बूचं वजन शंभर ग्रॅम उतरलं. आत्यानं मला आकडा कळवला तेव्हा तिच्या आवाजात मी प्रथमच थोडा आनंद ऐकला. पण पुढच्या महिन्यात ते शंभर ग्रॅम परत आले.

या वेळी तिनं काही मोजलं नाही. रविवारी काट्यावरून उतरवताना ढब्बूचं तोंड तिच्या तोंडाजवळ आलं तेव्हा तिनं त्याची हनुवटी हुंगली. लोणी. साखर. आणि त्याखाली आणखी एक वास, जो तिला चांगलाच ठाऊक होता, पण मांजराच्या हनुवटीवर त्याचं काय काम ते कळेना. बाबांच्या कवळीचा.

त्याच आठवड्यात लाँड्रीचा बॉयलर बिघडला आणि सगळ्यांना दुपारीच घरी सोडलं. आत्यानं आपल्या किल्लीनं दार उघडलं. बाबा खुर्चीत बसले होते. मांडीवर ढब्बू, पुढचे दोन्ही पाय बाबांच्या छातीवर. बाजूच्या बशीत लोणी-साखर लावलेला पाव. बाबांनी एक तुकडा तोंडात घातला, सावकाश चावला, मऊ केला, आणि ओठ पुढे काढले. ढब्बूनं त्यांच्या तोंडातून तो लगदा ओढून घेतला. मग त्यांचे ओठ चाटले. मिशा चाटल्या. बाबा डोळे मिटून हसत होते.

"दादा," आत्या म्हणाली.

बाबांनी दचकून हातानं तोंड पुसलं. "अगं, आज लवकर?"

"किती दिवस चाललंय हे?"

"कधीतरी गं. रोज नाही."

"किती दिवस?"

"तो बघतो ना माझ्याकडे. तू गेलीस की दारापाशी बसून रडतो. मला नाही बघवत. एवढासा तर घास देतो. तुला नाही कळायचं, चिमे, तुला माया नाही त्याची."

आत्या सांगते, तोवर तिला शिसारी येत होती ती त्या लगद्याची, त्या ओठांची. 'माया' हा शब्द आला आणि मळमळ थांबली. त्या जागी डोकं थंडगार झालं.

"वहिनीच्या वेळी पण तू हेच म्हणालास," ती म्हणाली.

इथे मला माझ्या आईचं सांगितलं पाहिजे. आई शेवटचे चार महिने अंथरुणावर होती. तिला गिळताना त्रास व्हायचा. डॉक्टरांनी फक्त पातळ द्यायला सांगितलं होतं. बाबा तिला केक भरवायचे. ती मागते, म्हणायचे. भेटायला येणाऱ्यांना वाटायचं, काय सेवा करतोय नवरा, हातानं भरवतोय. अर्ध्या तासानं ते सगळं उलटून यायचं, नाहीतर खालून जायचं, आणि बाबा त्या वेळी खोलीत नसायचे. फेरी मारायला गेलेले असायचे. आत्या कामावरून थेट यायची आणि साफ करायची. आईचे कपडे, आईची चादर, आईला. मी दर पंधरा दिवसांनी दोन दिवस यायचे, आईचा हात हातात घेऊन बसायचे आणि परत जायचे. तिच्या खोलीला वास येत नाही याचं मला बरं वाटायचं. तो का येत नाही, हे मी कधी विचारलं नाही.

"भरवायचं तेवढं तुझं," आत्या बाबांना म्हणाली. "निस्तरायचं माझं. वहिनीचं मी केलं, ती माणूस होती, माझी होती. याचं मी आता करणार नाही. उद्यापासून याच्या मागचं पुसायचं ते तू. तू नाही पुसलंस तर पुन्हा अळ्या पडतील, आणि त्या तूच बघशील."

बाबांना वाटलं, रागात बोलली, होईल शांत. ती शांतच होती. रोज सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यानं ढब्बूचा मागचा भाग पुसायची ते तिनं बंद केलं. बाकी सगळं करत होती. खाणं मोजणं, थाळ्या उचलणं, वाळू बदलणं. ढब्बूच्या शेपटीखाली मात्र हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी बाबांनी मला फोन केला. "जरा येऊन जातेस का? तुझी आत्या विचित्र वागतेय."

मी सकाळच्या बसनं गेले. दार उघडताच वास. बाबांनी मला पाणी दिलं, प्रवासाचं विचारलं, आणि मग हळूच म्हणाले, "बेटा, तू जरा त्याचं बघतेस का? तुझा हात हलका आहे."

ढब्बू न्हाणीघराच्या दाराशी पडला होता. केस पुन्हा वाढले होते, पुन्हा चिकटले होते, आणि दोन माश्या तिथे बसत होत्या, उडत होत्या, बसत होत्या. बाबांच्या चेहऱ्यावर तो जुना हळवा भाव होता, ज्यावर मी आयुष्यभर प्रेम केलं. त्या सकाळी तो भाव मला ओशट वाटला. आपल्या बापाची किळस येणं ही फार वाईट गोष्ट आहे. ती पोटातून येते, तिला थांबवता येत नाही. आणि बाबांचीच येत होती असंही नाही. मी बाही वर करत उठलेच होते. निमूट. मला ठाऊक होतं, मी दोन मिनिटं पुसेन, बसनं परत जाईन, आणि सगळ्यांना सांगेन की मी केलं.

आत्या खिडकीपाशी आपला ब्लाउज इस्त्री करत होती. तिनं वरही पाहिलं नाही.

"बस खाली," ती मला म्हणाली.

मी बसले.

इस्त्रीची वाफ सुटत होती आणि माश्या घोंगावत होत्या. मग बाबा उठले. न्हाणीघरात बादलीत पाणी सोडल्याचा आवाज आला. "चिमे, हातमोजे कुठं आहेत?"

"बेसिनखाली."

दार अर्धवट उघडं होतं. बाबा स्टुलावर बसले, ढब्बूला मांडीवर आडवं घेतलं, शेपूट उचलली आणि तोंड फिरवलं. "न बघता नाही होत ते," आत्या बाहेरून म्हणाली. "बघून कर." बाबांनी बघितलं. त्यांना उमळून आलं, ते बादलीतच ओकले. ढब्बू निसटायला लागला तसं त्यांनी त्याला घट्ट धरलं, फडकं बुडवलं आणि पुसायला सुरुवात केली. रडत होते, नाकातून पाणी गळत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. गाठी कापताना एकदा चामडीला कात्री लागली. ढब्बूनं त्यांच्या मनगटावर चार रेघा ओढल्या. त्यांनी सोडलं नाही. पाऊण तास लागला.

नंतर ते तिथेच ओल्या फरशीवर बसून राहिले. ढब्बू त्यांच्याकडे न बघता निघून गेला.

"चिमे," बाबा म्हणाले. "तुझ्या वहिनीचं... तू हे रोज?"

"रोज."

"मला वाटायचं, नर्स येते."

"कुठली नर्स?"

आत्यानं इस्त्रीचं बटण बंद केलं आणि आत जाऊन त्यांना कोरडा टॉवेल दिला.

त्यानंतर बाबांनी पाव आणला नाही, असं मी म्हणणार नाही. दोनदा आणला, आत्यानं हुंगून पकडलं. पण हळूहळू सुटलं, कारण आता पुसायचं त्यांच्याकडे होतं, आणि लोणी खाल्लं की दुसऱ्या दिवशी मागचं काय होतं ते त्यांना हातानं कळत होतं. वजनाचं कामही त्यांनी घेतलं. दवाखान्यात न्यायची गरज नाही म्हणाले. घरातल्या माणसांच्या वजनकाट्यावर आधी ढब्बूला कडेवर घेऊन उभे राहायचे, मग एकटे. "भरलेली गाडी वजा रिकामी गाडी," म्हणायचे. डॉक्टरीणबाईंनी त्यांचा हिशोब एकदा तपासून पाहिला. वीस ग्रॅमचा फरक निघाला. बाबा त्या फरकावरून आठवडाभर अस्वस्थ होते. दाणे थाळीत द्यायच्याऐवजी ते एकेक करून व्हरांड्यात फेकायला लागले, म्हणजे ढब्बूला चालावं लागेल. पहिल्या दिवशी तो तीन दाण्यांपर्यंत गेला आणि चौथ्याकडे बघत बसून राहिला. सहा महिन्यांनी तो धावायचा. धावणं म्हणजे काय, पोटाची पिशवी डावीकडे, तो उजवीकडे.

आठ किलो झालं, सात झालं. कातडी सैल होऊन लोंबायला लागली. आत्या म्हणायची, "आधी भरलेलं पोतं होतं, आता रिकामं पोतं आहे. दिसायला दोन्ही घाणच." सहा किलो आठशेला एक दिवस तो गादीवर बसला, एक पाय वर केला, मान वळवली आणि स्वतःच्या शेपटीखाली पोचला. बाबांनी आत्याला हाक मारून बोलावलं, जणू पोरगं पहिलं पाऊल टाकत होतं. आत्या आली, बघितलं. जिभेचा चप्-चप् आवाज येत होता.

"शी," ती म्हणाली आणि परत गेली.

मधल्या काळात म्हातारी वयानं गेली. बहिणी भरल्या, अंगावर चकाकी आली. इतकी वर्षं त्या अर्धपोटी होत्या हे तेव्हा कळलं. आत्याला लाँड्रीजवळ एक खोली मिळाली आणि ती निघून गेली. ती गेली तरी घर टिकेल का, अशी मला भीती होती, म्हणून मी न सांगता एकदा गेले. फरशी कोरडी होती. बाबांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात वाळूचं फावडं होतं. मला बसायला सांगून ते आधी ते काम संपवायला गेले. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. मला वाटलं होतं, मन साफ होईल. झालं नाही. त्यांचे ओठ बघितले की मला अजून तो पाव दिसतो, आणि आईच्या उशीशी ठेवलेली केकची बशी. तिच्याजवळ मी बसलेली असायचे, तेही दिसतं.

लाँड्रीतल्या मुलींना ही गोष्ट ठाऊक आहे. त्यातल्या एकीनं आत्याला विचारलं, "नाकताई, आता तरी लळा लागला असेल ना तुम्हाला त्याचा?"

"लळा!" आत्या म्हणाली. "परवा गेले होते तर माझ्या पर्समधे तोंड घातलं त्यानं. लाळेचे तीन धागे. अस्तर उसवून धुवावं लागलं." मग समोरच्या शर्टाची कॉलर नाकाशी धरून म्हणाली, "सहा किलो दोनशेला आलाय. अजून सातशे ग्रॅम उतरायला हवेत. दादाला सांगितलंय, थंडी संपायच्या आत."